येशूच्या मागे वाघ

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या चर्चच्या चित्रकला स्पर्धेत 'रानात येशूची परीक्षा' असा विषय होता. मी जीव ओतून चित्र काढलं. मध्ये पांढऱ्या झग्यातला येशू, आजूबाजूला सागाची झाडं, सागाची पानं मुद्दाम थाळीएवढी, फांदीवर दोन वानरं, कोपऱ्यात मोहाचं झाड आणि येशूच्या बरोबर मागे पट्टेदार वाघ. परीक्षा घेणाऱ्या सैतानासाठी कागदावर जागा उरली नाही. वाघ असताना सैतानाची काय गरज, असंही मला वाटलं असेल.

संडे स्कूलच्या बाईंनी चित्र हातात घेतलं, हसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे, पण तिथे वाघ नव्हता रे." बक्षीस एका मुलीला मिळालं. तिनं नुसती पिवळी वाळू आणि तीन दगड काढले होते. मला तो सरळसरळ आळशीपणाचा विजय वाटला. घरी येऊन आजीकडे तक्रार केली. आजी उमरेडकडच्या खेड्यातली. तिनं चष्मा लावला, मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढला आणि ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे पाह्य. वनपशूंच्या संगं होता म्हणते. वनपशू म्हणजे काय बकऱ्या होय का?"

मुद्दा बिनतोड होता. नागपूरच्या माणसासमोर 'रान' म्हटलं की त्याला पेंच दिसतं, उमरेड-कऱ्हांडला दिसतं, ताडोबा दिसतं. सागवान, बांबू, तेंदू, मोह. पुढे शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, योहान बाप्तिस्मा करणारा रानात टोळ आणि रानमध खाऊन राहायचा असं वाचलं, तेव्हाही मला काही वावगं वाटलं नाही. आजी मोहाच्या बियांना टोळी म्हणायची, तिच्या माहेरी टोळीचं तेल निघायचं. योहान आमच्याकडचाच कुणीतरी असणार, एवढीच माझी समजूत. टोळ म्हणजे उडणारा किडा, हे कळलं तेव्हा मी चांगला आठवीत होतो.

मराठी पवित्र शास्त्रात कुठे 'रान' येतं, कुठे 'अरण्य'. जुन्या करारातला मूळ हिब्रू शब्द 'मिदबार'. त्याचा झाडांशी संबंध नाही. थोड्या पावसावर खुरटं गवत उगवणारी, मेंढरं चारायला न्यायची, पण पेरणी न होणारी आणि कुणी घर बांधून न राहणारी जमीन म्हणजे मिदबार. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. तिथून पूर्वेला जेमतेम पंचवीस किलोमीटरवर मृत समुद्र, समुद्रसपाटीच्याही चारशे मीटरहून अधिक खाली. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग डोंगरमाथ्यावरच रिकामे होतात. यरुशलेमला वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उतार संपेपर्यंत तो शंभरच्याही आत येतो. माण-खटावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पर्जन्यछाया हा शब्द त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. समजावून सांगावं लागतं ते आम्हा नागपूरकरांना. आमच्याकडे हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी नवतपा लागला की सगळ्यात मोठ्यानं आम्हीच ओरडतो.

हे सगळं कळल्यावर मी बरीच वर्षं भाषांतरकारांना नावं ठेवत होतो. वाळवंट म्हणायचं सोडून अरण्य कसलं? मग एकदा 'अरण्य' या शब्दाचीच कुंडली पाहिली. संस्कृतात 'अरण' म्हणजे दूरचा, परका. अरण्य म्हणजे गावाच्या शिवेपलीकडचा, आपला नसलेला मुलूख. त्यात झाडं असायलाच हवीत असं काही नाही. 'रान'ही तसंच. माळरान म्हणतो तेव्हा आपण एक झाड धरत नाही. उलट 'वाळवंट' लिहिलं असतं तर आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेरची वाळू आली असती, आणि यहूदीयाच्या, म्हणजे यरुशलेमकडच्या त्या उताराच्या, रानात तशी वाळू नाहीच, तिथे दगड आणि घळी आहेत. म्हणजे बक्षीस मिळवणारी ती मुलगीही चुकलीच होती. एवढ्या वर्षांनी का होईना, बरं वाटलं.

आणखी एक गंमत. 'मिदबार' आणि 'दाबार' यांची मूळ अक्षरं तीच, द-ब-र. 'दाबार' म्हणजे शब्द, वचन. रानात आणि वचनात एवढंच अंतर, असं म्हणून कितीतरी उपदेश झाले असतील. मीही दोन ऐकलेत. पण मला त्यात फार रस नाही. रानातल्या गोष्टी सलग वाचल्या की दिसतं ते असं, की तिथे वचनाआधी बहुतेक वेळा पाणी येतं, भाकर येते. बोलणं मागून.

आपल्याला वनवास नवा नाही. घरापासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. रामाचा मुक्काम तिथे झाला असं लहानपणापासून ऐकत आलो. पण रामाला मुदत ठाऊक होती. चौदा वर्षं, त्यानंतर अयोध्या. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून निघालेल्या इस्राएल लोकांचं तसं नव्हतं. शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक ओळ आहे, जी वाचून मी दर वेळी थांबतो. होरेब डोंगरापासून वचनदत्त देशाच्या शिवेवरच्या कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची वाट. आणि लगेच पुढच्या वाक्यात चाळिसावं वर्ष उजाडलेलं असतं. मध्ये काही स्पष्टीकरण नाही, हळहळ नाही. अकरा दिवसांचा रस्ता आणि चाळीस वर्षं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या बाबतीत हे वाक्य मी चारचौघांत वापरलंय, पण तो विनोद झाला.

त्या चाळीस वर्षांचं जे पुस्तक आपण 'गणना' म्हणून वाचतो, त्याचं हिब्रू नाव 'बमिदबार', म्हणजे 'रानात'. त्यातला अकरावा अध्याय मला सगळ्यात माणसाचा वाटतो. लोक रडतात. कशासाठी? मिसरात फुकट मिळणाऱ्या मासळीसाठी. काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. गुलामी होती, विटा थापाव्या लागत होत्या, पोरं नदीत फेकली जात होती. ते सगळं विसरलं आणि लसूण आठवला. उपदेशक यावर नेहमी रागावतात. कृतघ्न लोक, म्हणतात. मी नाही रागावू शकत. कुणी चाळीस वर्षं एकच पदार्थ खाऊन दाखवावा आणि मग बोलावं.

तो पदार्थ म्हणजे मान्ना. सकाळी दव उडून गेलं की जमिनीवर बारीक, पांढरं, धण्यासारखं काहीतरी पडलेलं असायचं. लोकांनी एकमेकांना विचारलं, 'मान हू?' म्हणजे 'हे काय?' आणि तेच त्याचं नाव पडलं. चव मध घातलेल्या पापडीसारखी. माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप, गोळा करायचं. ज्यानं जास्त घेतलं त्याला उरलं नाही, ज्यानं कमी घेतलं त्याला कमी पडलं नाही. ऊन चढलं की वितळून जायचं. उद्यासाठी ठेवलं तर किडे पडायचे, वास यायचा. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा.

आजीच्या गावी मार्च-एप्रिलमध्ये गेलो की पहाटे बाया आणि पोरं टोपल्या घेऊन मोहाखाली जायची. रात्रभर फुलं पडलेली असायची, फिकट पिवळी, गरगरीत, बोटाला चिकट. ऊन तापायच्या आत, जनावरं पोचायच्या आत वेचायची. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ केलेली असायची, म्हणून काळ्या जमिनीवर ती फुलं उठून दिसायची. आजी माझ्या हातात छोटी टोपली द्यायची. मी वेचायच्या आधी खायचो आणि नंतर माझं डोकं जड व्हायचं. शास्त्रातला तो अध्याय वाचताना माझ्या नाकात मोहाचा वास येतो, त्याला माझा इलाज नाही. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवसही नेमके तेव्हाच येतात, साग निष्पर्ण झालेला, पळस पेटलेला. पळस बघून, देव ज्यातून मोशेशी बोलला ते जळतं झुडूप आठवणं फार सोपं आहे, आणि आमच्याकडच्या प्रत्येक उपदेशात ते एकदा येतंच. पण मोशेनं पाहिलेलं झुडूप पळसासारखं देखणं नव्हतं. हिब्रूत 'सने' म्हणजे साधं काटेरी झुडूप. मेंढरं सोडून ज्याच्याकडे कुणी बघणार नाही असं.

मोह आणि मान्ना यांत एक फरक मात्र मोठा. मोह वाळवून साठवता येतो, विकता येतो, वर्षभर पुरवता येतो. रानात राहणाऱ्या माणसाचं शहाणपण साठवण्यातच आहे. मान्ना नेमकं तेच करू देत नाही. चाळीस वर्षं एका अख्ख्या समाजाला उद्याची भाकर आज हातात न धरता झोपायला लावणं, ही परीक्षा आहे की क्रूरता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

रानात स्वतःहून गेलेली माणसं शास्त्रात थोडी. बहुतेकांना हाकलून दिलेलं असतं, नाहीतर ती पळत सुटलेली असतात. दावीद शौल राजापासून पळाला, एलीया संदेष्टा ईजबेल राणीपासून. प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापं डोक्यावर ठेवून एक बकरा रानात सोडून द्यायचे. म्हणजे नको असलेलं नेऊन टाकायची जागा म्हणजे रान. येशूबद्दलही मार्क जे क्रियापद वापरतो ते सौम्य नाही. देवाच्या आत्म्यानं त्याला रानात अक्षरशः घालवलं. म्हणून दोन रात्री-तीन दिवस, नाश्त्यासह, 'स्वतःला शोधा' अशा जंगलातल्या शिबिरांच्या जाहिराती पाहिल्या की मला आजीचा आवाज ऐकू येतो. "रानात गेला म्हणजे काय पिकनिकले गेला का बे?"

आणि हागार. तिच्यावर मला सगळ्यात जास्त थांबायचंय.

अब्राहामाची बायको सारा, तिची ही मिसरी दासी. मालकिणीला मूल होत नाही म्हणून तिला नवऱ्याकडे दिली, आणि तिला दिवस गेल्यावर तिचाच छळ मांडला. ती पळाली. शूर नावाच्या मुलखाच्या वाटेवर एका झऱ्यापाशी देवदूतानं तिला विचारलं, 'कुठून आलीस आणि कुठे चाललीस?' मी हा भाग कितीदा वाचला होता, पण ती फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. मालकिणीपासून पळतेय, एवढंच सांगते. कुठे चाललीस याला तिच्याकडे उत्तर नाही. रानात असलेल्या माणसाकडे ते नसतंच. देवदूत तिला परत जा म्हणतो, आणि हे मला पचत नाही. कुणी कितीही समजावून सांगो, पचत नाही. पण त्याच जागी ती देवाला नाव देते, 'मला पाहणारा देव'. अख्ख्या शास्त्रात देवाला नाव देणारं पहिलं माणूस हे. परदेशी, बाई, दासी, गरोदर आणि पळून आलेली.

काही वर्षांनी तिला पुन्हा काढून दिलं, या वेळी पोरासकट. अब्राहामानं सकाळी उठून भाकर आणि पाण्याची एक मसक तिच्या खांद्यावर दिली. एवढ्या गुराढोरांचा, चाकरमाणसांचा धनी, आणि स्वतःच्या मुलाला एक मसक पाणी. बैर-शेबाच्या रानात पाणी संपलं. तिनं पोराला एका झुडपाखाली टाकलं आणि स्वतः बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसली, कारण पोराचं मरण बघवत नव्हतं. किती लांब? बाणाच्या टप्प्याइतकं. डोळ्याआड, पण हाकेच्या आत. हे ज्यानं लिहिलं त्यानं अशी आई पाहिलेली असणार. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. विहीर नव्यानं निर्माण झाली असं लिहिलेलं नाही. ती तिथेच होती. मुसलमान बांधवांच्या परंपरेत हीच आई पाण्यासाठी सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि आजही मक्केला गेलेला यात्रेकरू त्या सात फेऱ्या घालतो.

माझं स्वतःचं रान फार किरकोळ. एका कंपनीनं आमचा अख्खा विभाग एका दुपारी बंद केला. मी बेचाळीस वर्षांचा, घराचे हप्ते चालू. घरी बसवेना म्हणून रोज सकाळी सेमिनरी हिल्सवर जाऊन चालायचो. या टेकडीला हे नाव तिथल्या कॅथलिक सेमिनरीमुळे पडलं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका, हे माहीत असलेला माणूस तिथे फिरायला येणाऱ्यांत मला भेटला नाही, आणि मीही कुणाला सांगत बसलो नाही. त्या दिवसांत सल्ले पुष्कळ मिळाले. एका हितचिंतकानं 'देव तुम्हाला अरण्यातून नेतोय, आता त्याची वाणी ऐका' असा लांबलचक निरोप मोबाइलवर पाठवला. मला वाणीबिणी काही ऐकू येत नव्हती. भूकही लागत नव्हती.

आमची एक आत्या जरीपटक्याला राहते. तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. दुपारी तिचा मुलगा डबा आणून द्यायचा. वरण-भात, आलू-वांगं, दोन पोळ्या, कधी पाटवडीची भाजी. तीन आठवडे. शेवटी मीच संकोचून तिच्या घरी गेलो आणि सांगायला सुरुवात केली, की आत्या, काय झालं माहीत आहे का. ती म्हणाली, "आधी जेव. मंग बोलू." जेवलो. बोलायचं राहूनच गेलं, तिथेच सोफ्यावर झोप लागली.

एलीयाची गोष्ट मला त्या दुपारनंतर समजली. हा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर शेकडो पुजाऱ्यांना पुरून उरलेला. राणीनं ठार मारायची धमकी दिली आणि जीव घेऊन पळाला. रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसला, आता पुरे, माझा प्राण घे म्हणाला आणि झोपला. देवदूत आला. त्यानं दर्शन दिलं नाही, कान उपटले नाहीत, 'सकारात्मक विचार कर' म्हणाला नाही. हात लावून उठवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीयानं खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला. ऊठ, खा, वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. त्यानंतर कुठे चाळीस दिवसांची चाल, होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती प्रसिद्ध शांत, मंद वाणी. उपदेशात सगळे थेट त्या वाणीवर येतात. मधल्या दोन जेवणांवर आणि दोन झोपांवर कुणी थांबत नाही.

येशूच्या परीक्षेतही पहिली गोष्ट भाकरच. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान म्हणतो, या दगडांच्या भाकरी कर. तो नाही म्हणतो, आणि उत्तर देतो तेही मान्नाच्याच प्रकरणातलं. माणूस फक्त भाकरीवर जगत नाही, हे वाक्य अनुवादाच्या आठव्या अध्यायात चाळीस वर्षांच्या त्या भटकंतीची आठवण देताना आलेलं आहे. पण पुढचं विसरायला नको. काही काळानं तशाच ओसाड जागी हजारो माणसं त्याच्या मागे आली, संध्याकाळ झाली. शिष्य म्हणाले, यांना गावांत पाठव, आपापलं विकत घेऊन खातील. व्यवहाराला धरूनच होतं ते. तो म्हणाला, तुम्हीच त्यांना खायला द्या. स्वतःसाठी एक भाकर करायला नकार देणारा माणूस इतरांच्या वेळी माणूस भाकरीवर जगत नाही असं म्हणत नाही. आणि मार्क इथे एक बारीक तपशील टाकतो. लोकांना हिरव्या गवतावर बसवलं. ओसाड जागा, पण हिरवं गवत. पावसाळा नुकताच सरला असणार. माझ्या चित्रातला हिरवा रंग अगदीच वाया गेला नव्हता.

गेल्या मे महिन्यात मी टाकळघाटला गेलो होतो. बुटीबोरीच्या कारखान्यांपलीकडे. तिथे हजारो वर्षांपूर्वीची दगडांची वर्तुळं आहेत, ज्यांनी ती रचली त्या माणसांचं नावही उरलेलं नाही. १८४५ साली नागपुरात शास्त्र घेऊन आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांचं नाव पुढे १८८३ साली निघालेल्या कॉलेजला दिलं, त्यांना या दगडांचं वेड होतं. इथल्या खडकांतले पानांचे ठसेही ते गोळा करायचे. ४ सप्टेंबर १८६३ ला ते ही वर्तुळं पाहायला आले. परतताना रात्री घोड्यावरून एक नाला ओलांडत होते. पावसानं तो भरलेला होता. ते वाहून गेले.

स्तोत्रांमध्ये एक प्रार्थना आहे, दक्षिणेकडल्या ओढ्यांसारखं आमचं गेलेलं परत आण. दक्षिण म्हणजे नेगेव. वर्षभर कोरडे ठणठणीत ओढे, आणि डोंगरात पाऊस पडला की तासाभरात भिंतीसारखं पाणी. मी ती ओळ नेहमी आनंदाची म्हणून गायलोय. टाकळघाटच्या शिवारातल्या एका नाल्यात उभा राहून ती मला पहिल्यांदा भीतीदायक वाटली.

नाला पांढराफटक कोरडा होता. दुपारचे बारा, पंचेचाळीसच्या पुढचं ऊन, गळ्यात उपरणं, बाटलीतलं पाणी कढत झालेलं. काठावरच्या बाभळीखाली पाचसहा बकऱ्या आणि एक म्हातारी. तिनं वाळूत हातभर खोल झिरा खणला होता, तळाशी वाटीभर पाणी साठलं होतं. मी तिला दगडांबद्दल विचारणार होतो, हिस्लॉपबद्दल, नाल्याला पूर कधी येतो त्याबद्दल. तिनं माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, पितळी गडवा झिऱ्यात बुडवला आणि पुढे केला.

"पाणी पे आधी," म्हणाली. "कुठून येऊन राहिला तू?"

मी म्हणालो, नागपूरहून.